जॉन्सनच्या कोशाची साक्ष : हेलर खटल्यात ‘शस्त्र’ शब्दाचं काय झालं

डिक हेलर वॉशिंग्टनमध्ये विशेष पोलीस अधिकारी होते. फेडरल न्यायव्यवस्थेच्या एका इमारतीवर त्यांचा पहारा असे आणि कामावर असताना पिस्तूल लावायची त्यांना परवानगी होती. घरात ठेवायलाही एक पिस्तूल हवं म्हणून त्यांनी शहर प्रशासनाकडे नोंदणीचा अर्ज केला. तो फेटाळला गेला. फेटाळला जाणारच होता, कारण 1976 च्या कायद्याने त्या शहरात पिस्तुलांची नवी नोंदणी बंद केली होती आणि बिननोंदणीचं शस्त्र ठेवणं गुन्हा होता. लांब नळीच्या बंदुका ठेवता येत, पण घरातसुद्धा रिकाम्या आणि सुट्या करून, नाहीतर चापाला कुलूप घालून.

या कायद्याला आव्हान देणारे एकूण सहा जण होते. अपिलात त्यातले पाच गळाले, कारण अर्ज करून नकार पदरात पाडून घेतलेले एकटे हेलरच होते. त्यामुळे खटल्याला त्यांचं नाव लागलं. 18 मार्च 2008 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद झाला आणि 26 जूनला पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल हेलर यांच्या बाजूने लागला.

बंदुका असाव्यात की नसाव्यात, हा वाद इथे बाजूला ठेवतो. त्यावर भरपूर लिहून झालं आहे. मला या खटल्यातला दुसराच साक्षीदार महत्त्वाचा वाटतो. तो 1784 साली वारला होता आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याबद्दल त्याला काडीचीही सहानुभूती नव्हती. त्याचं नाव सॅम्युएल जॉन्सन, इंग्रजीचा कोशकार.

सत्तावीस शब्द

अमेरिकी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती 1791 मध्ये मंजूर झाली. मूळ इंग्रजीत ती अवघ्या 27 शब्दांची आहे. आशय असा : स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी सुनियंत्रित मिलिशिया आवश्यक असल्याने, शस्त्रं बाळगण्याचा आणि धारण करण्याचा लोकांचा हक्क डावलला जाणार नाही. मिलिशिया म्हणजे गावोगावच्या नागरिकांची सेना. गरज पडली की घरची बंदूक घेऊन हजर व्हायचं.

पहिला भाग सैन्याचा, दुसरा लोकांचा. दोघांचं नातं काय, हा पेच दोनशे वर्षं तसाच पडून होता. 1939 मध्ये आखूड केलेल्या नळीच्या शॉटगनचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात आला होता. त्या निकालाचा अर्थ बहुतेक खालच्या न्यायालयांनी ‘हा हक्क मिलिशियापुरता’ असा लावला. 2008 मध्ये बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांचं तत्त्व असं की मजकुराचा अर्थ तो लिहिला तेव्हाच्या सामान्य वाचकाने जसा घेतला असता तसाच घ्यायचा. मग प्रश्न येतो की त्या वाचकाला आज विचारायचं कसं? स्कॅलिया यांनी कोश उघडले.

‘आर्म्स’ या शब्दासाठी त्यांनी जॉन्सनच्या कोशाची 1773 ची चौथी आवृत्ती काढली. तिथली व्याख्या म्हणजे हल्ल्याची हत्यारं किंवा बचावाचं चिलखत. जोडीला टिमथी कनिंगहॅम यांचा 1771 चा कायदेकोश. तो म्हणतो, माणूस स्वतःच्या बचावासाठी जे अंगावर घालतो, हातात घेतो, किंवा रागाच्या भरात दुसऱ्यावर फेकायला वा मारायला वापरतो ते सगळं शस्त्र. नोआ वेब्स्टर यांचा 1828 चा अमेरिकन कोशही साक्षीला आला, म्हणजे घटनादुरुस्तीनंतर 37 वर्षांनी छापलेला. ‘कीप’ म्हणजे जवळ ठेवणं, न गमावणं, ताब्यात असणं. ‘बेअर’ म्हणजे वाहून नेणं. ‘रेग्युलेट’ म्हणजे नियमाने किंवा पद्धतीने नीट लावणं, म्हणून ‘सुनियंत्रित’ याचा अर्थ शिस्त आणि कवायत असलेली सेना, एवढाच.

एकेका शब्दाखाली जॉन्सनचा पान क्रमांक देत निकाल पुढे सरकतो. वाचताना हा रस्ता फार सरळ वाटतो.

कोश कसा तयार झाला होता

जॉन्सन यांचा कोश 1755 मध्ये दोन जाडजूड खंडांत निघाला. हाताशी सहा लेखनिक घेऊन त्यांनी चाळीस हजारांहून अधिक शब्द उलगडले आणि बहुतेकांखाली लेखकांच्या ओळी उदाहरण म्हणून टाकल्या. कामाची ही रीत न्यायालयाने लक्षात घ्यायला हवी होती, असं मला वाटतं. जॉन्सन बाजारात, शेतात किंवा कवायतीच्या मैदानावर शब्द ऐकत फिरले नाहीत. त्यांनी ग्रंथ वाचले, आणि तेही आपल्या काळाआधीचे. शुद्ध इंग्रजी जुन्या लेखकांत सापडते, असं त्यांनी प्रस्तावनेतच सांगितलं आहे. म्हणून ‘आर्म्स’खाली कवी अलेक्झांडर पोप यांनी केलेल्या इलियडच्या भाषांतरातल्या ओळी आहेत, शेक्सपिअर आहे आणि ‘युद्ध’ या अर्थासाठी ड्रायडनच्या व्हर्जिलची पहिली ओळ आहे. व्हर्जिनियातला शेतकरी भिंतीवरच्या बंदुकीला काय म्हणत होता, याची नोंद तिथे सापडणार नाही.

बंदुकांच्या नोंदी मात्र अवश्य चाळाव्यात. ‘फायरआर्म्स’ म्हणजे ज्यांचा प्रभाव अग्नीमुळे पडतो अशी शस्त्रं. ‘गन’ हे अग्निशस्त्रांचं सामान्य नाव. ‘ब्लंडरबस’ या तोंडाला रुंद होत जाणाऱ्या बंदुकीची व्याख्या तर वाचून हसू येतं : जिच्यात बऱ्याच गोळ्या भरतात, त्यामुळे अचूक नेम न धरताही निशाण लागण्याची शक्यता राहते. कोशकाराला त्या बंदुकीबद्दल काय वाटतं ते यातच आलं.

‘हँडगन’ हा शब्दही जॉन्सनमध्ये आहे : हाताने चालवायची बंदूक. पुढे ‘पिस्टल’ पाहिलं तर छोटी हँडगन, आणि ‘मस्केट’ पाहिलं तर सैनिकाची हँडगन. म्हणजे त्या काळी हा शब्द गाड्यावरच्या तोफेपासून वेगळं काढण्यासाठी होता आणि खांद्याला लावायची लांब मस्केटही त्यात बसत होती. वॉशिंग्टनच्या कायद्याने ज्या हँडगनवर बंदी घातली ती एका हातात मावणारी. लांब बंदुकांना तर त्याने परवानगी दिली होती. शब्द तोच, पण मधल्या अडीच शतकांत तो आकसला. घटनादुरुस्तीत हा शब्द नाही म्हणून गोंधळ टळला, एवढंच.

कनिंगहॅम यांची ती ‘रागाच्या भरात’ची व्याख्याही त्यांची स्वतःची नव्हे. जॉन कॉवेल यांच्या 1607 च्या कायदेकोशात ती जवळजवळ त्याच शब्दांत आहे आणि कॉवेल यांनी ती शांतता-न्यायाधीशांसाठी लिहिलेल्या आणखी जुन्या पुस्तकातून घेतल्याचं नमूद केलं आहे. (कॉवेल यांच्या कोशावर राजाने 1610 मध्ये बंदी आणली, पण ती राजसत्तेबद्दलच्या नोंदींमुळे.) दंगामस्तीच्या खटल्यात दगड किंवा काठी हेसुद्धा शस्त्र ठरावं, यासाठी ती ओळ जन्माला आली. कोशकार एकमेकांच्या नोंदी उचलत राहिले आणि ती 1771 पर्यंत पोचली. वेब्स्टर यांची ‘आर्म्स’ची व्याख्या पाहिली तर तिथेही जॉन्सनच थोडा कपडे बदलून उभा आहे. निकालात तीन कोश एका सुरात बोलताना दिसतात तेव्हा पुरावा तिप्पट झाला असं वाटतं. प्रत्यक्षात साक्षीदार दोनच आहेत आणि त्यातल्या एकाची साक्ष दीडशे वर्षांहून जुनी आहे.

जॉन्सन स्वतः याबाबत प्रामाणिक होते. कोश लिहून भाषेला मसाला भरून टिकवता येईल असं समजणाऱ्या कोशकाराची टर उडवायला हरकत नाही, असं त्यांनी प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे. आणि 1775 मध्ये अमेरिकन वसाहतींच्या बंडाविरुद्ध पुस्तिका लिहून त्यांनी विचारलं होतं की स्वातंत्र्याची सर्वांत मोठी बोंब गुलामांना हाकणाऱ्यांकडूनच कशी ऐकू येते. अशा माणसाच्या कोशावरून त्याच बंडखोरांच्या घटनेचा अर्थ लावला गेला.

एकच ओळ, दोन निकाल

विरोधी मत न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिलं. त्यांनीही ‘आर्म्स’साठी जॉन्सनचीच व्याख्या दिली. आवृत्ती 1755 ची, ओळ तीच. या शब्दावर खरं तर मतभेद नव्हताच. समानार्थी शब्दांवरच्या जॉन ट्रस्लर यांच्या 1794 च्या पुस्तकाचा हवालाही दोघांनी दिला. ट्रस्लर म्हणतात, ‘आर्म्स’ म्हणजे साधारणपणे युद्धात वापरायची साधनं, जशी बंदूक आणि तलवार. स्टीव्हन्स यांनी त्यातलं ‘युद्ध’ उचललं, स्कॅलिया यांनी ‘बंदूक’ उचलली.

भांडण होतं ते ‘बेअर आर्म्स’ या जोडशब्दावर. जॉन्सनमध्ये ‘बेअर’ वेगळा सापडतो आणि ‘आर्म्स’ वेगळा. दोन्ही जोडले तर ‘शस्त्र वाहून नेणं’ असा अर्थ निघतो आणि स्कॅलिया यांनी तोच काढला. स्टीव्हन्स यांचं म्हणणं होतं की ही जोडी म्हणजे ठरलेला वाक्प्रचार आहे. लॅटिनमधल्या ‘आर्मा फेर्रे’वरून आलेला, म्हणजे सैनिक म्हणून लढणं. भाषाशास्त्राच्या काही प्राध्यापकांनी न्यायालयाला दिलेल्या निवेदनात हेच मांडलं होतं. स्टीव्हन्स यांनी आणखी एक पुरावा दिला, माझ्या मते सर्वांत वजनदार. दुरुस्तीचा मसुदा मांडणारे जेम्स मॅडिसन यांच्या मूळ मसुद्यात या हक्काच्या शेपटीला एक वाक्य होतं : ज्यांना ‘बेअरिंग आर्म्स’ला धार्मिक आक्षेप आहे त्यांच्यावर सैनिकी सेवेची सक्ती होणार नाही. क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथीयांचा आक्षेप सैन्यात लढण्याला होता, बंदूक खांद्यावर टाकून रानात जाण्याला नव्हे.

दुसऱ्या बाजूकडेही हत्यारं होती. राज्यघटनेला मंजुरी देणाऱ्या पेनसिल्व्हेनियातल्या परिषदेत अल्पमतात राहिलेल्या प्रतिनिधींनी 1787 मध्ये स्वसंरक्षणासाठी आणि शिकारीसाठी ‘बेअर आर्म्स’चा हक्क मागितला होता. काही राज्यघटनांत ‘स्वतःच्या आणि राज्याच्या रक्षणासाठी’ असे शब्द होते. युक्तिवादाच्या वेळी न्यायमूर्ती सूटर यांनी सॉलिसिटर जनरल, म्हणजे केंद्र सरकारचे वकील, पॉल क्लेमेंट यांना विचारलं की अठराव्या शतकात हरणाच्या शिकारीला निघालेला माणूस ‘मी शस्त्र धारण करतो आहे’ असं म्हणत असे का, लोक तसं बोलत होते का? काही जोड न देता हा वाक्प्रचार वापरला तर त्याला सैनिकी संदर्भ सर्वांत स्वाभाविक आहे, हे क्लेमेंट यांनी कबूल केलं. मात्र तो फक्त सैनिकीच होता हे विरोधी पक्षाने दाखवायला हवं, असं ते म्हणाले.

स्कॅलिया यांनी उत्तर थट्टेने दिलं. ‘शस्त्रं बाळगणं आणि धारण करणं’ यात एकच ‘आर्म्स’ शब्द पहिल्या क्रियापदाला वस्तू म्हणून आणि दुसऱ्याला वाक्प्रचाराचा तुकडा म्हणून कसा चालेल? हे म्हणजे ‘त्याने बादली भरली आणि लाथाडली’ असं लिहून ‘बादली भरली आणि तो मेला’ असा अर्थ काढणं. इंग्रजीत बादली लाथाडणं म्हणजे मरणं. मराठीत हाच विनोद ‘त्याने मान हलवली आणि टाकली’ असा करता येईल. टोला चपखल आहे. पण कोशावर विसंबून वाक्प्रचार नाकारताना पुराव्यादाखल एक वाक्प्रचारच पुढे करावा लागला, याचीही गंमत वाटते.

आधीचे दोन खटले

न्यायमूर्ती आणि कोश यांचं नातं किती सोयीचं असतं ते पाहायला थोडं मागे जावं लागतं. 1993 मध्ये स्मिथ नावाच्या आरोपीचा खटला आला. त्याने कोकेनच्या बदल्यात बंदूक देऊ केली होती. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात बंदूक ‘वापरली’ तर वाढीव शिक्षा, असा कायदा होता. बहुमताने कोश उघडला आणि वापरणं म्हणजे उपयोगात आणणं, तेव्हा मोबदला म्हणून दिली तरी वापरच, असा निर्णय दिला. विरोधात स्कॅलिया होते. ते म्हणाले, ‘तुम्ही काठी वापरता का?’ असं कोणी विचारलं तर आजोबांची चांदीच्या मुठीची काठी दिवाणखान्यात शोभेला ठेवली आहे का, असं तो विचारत नसतो. शब्दाचा सुटा अर्थ नको, लोक तो कसा बोलतात ते पाहा. हेलरमध्ये स्टीव्हन्स यांचा मुद्दा नेमका हाच होता, आणि 1993 मध्ये त्या विरोधी मताला स्टीव्हन्स यांनीही पाठिंबा दिला होता.

1998 मधला मस्कारेलो खटला त्याहून मजेदार. बंदूक ट्रकच्या पुढच्या बंद कप्प्यात होती. त्याच कायद्यात बंदूक ‘कॅरी’ करण्यालाही, म्हणजे नेण्यालाही, वाढीव शिक्षा होती. मग ती ‘कॅरी’ केली असं म्हणायचं का? बहुमतातर्फे न्यायमूर्ती ब्रायर यांनी ऑक्सफर्ड कोश, वेब्स्टर आणि व्युत्पत्तिकोश धुंडाळले, बायबल आणि रॉबिन्सन क्रूसो गाठलं, वर्तमानपत्रांत संगणकाने शोधही घेतला. मूळ शब्द लॅटिनमधल्या गाड्याच्या नावावरून आला, म्हणून गाडीतून नेणं हाच पहिला अर्थ. विरोधी मत न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचं : शस्त्र ‘कॅरी’ करणं म्हणजे झटापटीच्या तयारीने ते अंगावर, कपड्यांत किंवा खिशात बाळगणं. आधार ब्लॅकच्या कायदेकोशाचा. या मताला स्कॅलिया यांची साथ होती.

दहा वर्षांनी हेलरमध्ये ‘बेअर’चा अर्थ सांगताना स्कॅलिया यांनी गिन्सबर्ग यांची हीच व्याख्या उद्धृत केली. गिन्सबर्ग तेव्हा स्टीव्हन्स यांच्यासोबत विरोधात बसल्या होत्या. फौजदारी कायद्यातल्या आधुनिक ‘कॅरी’साठी लिहिलेलं त्यांचं वाक्य 1791 च्या ‘बेअर’साठी त्यांच्याच विरोधात वापरलं गेलं.

कोशाऐवजी मजकुरांचा साठा

स्कॅलिया फेब्रुवारी 2016 मध्ये वारले. 2018 पर्यंत ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने घटनाकाळातल्या अमेरिकी मजकुरांचा आणि त्याआधीच्या इंग्रजीचा असे दोन मोठे संगणकीय साठे खुले केले. हेलर खटल्यात निवेदन देणाऱ्या प्राध्यापकांपैकी एक, भाषाशास्त्रज्ञ डेनिस बॅरन यांनी त्यात ‘बेअर आर्म्स’ शोधलं. सतराव्या-अठराव्या शतकांतले सुमारे 1,500 वापर निघाले आणि युद्ध, सैन्य किंवा संघटित सशस्त्र कृती यांच्याशी संबंध नसलेले त्यात मोजकेच होते.

यावर आक्षेप घेता येतो आणि तो खोटा नाही. छापलेल्या मजकुरात कायदे, संसदीय कामकाज, लढायांचे वृत्तांत जास्त. घरात बंदूक ठेवणाऱ्याने ते लिहून कशाला ठेवायचं? तरीही, ‘लोक तसं बोलत होते का’ या सूटर यांच्या प्रश्नाला या साठ्यातून काहीतरी उत्तर मिळतं. जॉन्सनच्या पानांत तो प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. माझं मत असं की ‘आर्म्स’साठी जॉन्सन योग्य साक्षीदार होते आणि त्यांची साक्ष दोन्ही बाजूंना मान्य होती. ‘बेअर आर्म्स’साठी त्यांना पिंजऱ्यात उभं करण्यात अर्थ नव्हता.

भारतात ही वेळ सहसा येत नाही. शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या घटनेत नाही आणि 1959 चा शस्त्र अधिनियम व्याख्या पोटातच घेऊन येतो. हल्ला किंवा बचाव यासाठी हत्यार म्हणून घडवलेली वा तशी फेरफार केलेली वस्तू म्हणजे शस्त्र. लाठी आणि चालायची साधी काठी मात्र नावानिशी वगळलेली. पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर सरकारने अधिसूचना काढलेल्या भागांत परवाना लागतो, पण घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून बाहेर. पुण्यात रस्त्यावर कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्यांवर शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. कोयता हे तर उसाच्या फडातलं अवजार. तेव्हा तो कशासाठी आणि कुठे बाळगला होता हा प्रश्न उरतोच, पण त्याचं उत्तर पुराव्यातून शोधायचं असतं.

अमेरिकेतही कायद्यात व्याख्या दिली की वाद मिटतो असं नाही. 1968 च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार स्फोटकाच्या जोरावर गोळी फेकणारं, त्यासाठी बनवलेलं किंवा सहज तसं करता येणारं ‘हत्यार’ म्हणजे अग्निशस्त्र. शर्यत सुरू करायची आवाजी बंदूकही त्यात स्पष्टपणे घातलेली आहे. मग सुटे भाग आणि अवजारं एका खोक्यात भरून विकले, गिऱ्हाइकाने घरी बसून जोडायचे, तर खोक्यात असताना ते हत्यार आहे का? मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की असे काही संच नक्कीच कायद्यात बसतात. न्यायमूर्ती गॉर्सच यांनी रोजच्या बोलण्यातले दाखले दिले : लेखिका अपुरं हस्तलिखित पाठवते आणि कादंबरी वाचून पाहा म्हणते, मित्र आयकियातून आणलेल्या टेबलाबद्दल सांगतो तेव्हा ते अजून जोडायचं असतं. शर्यतीची बंदूकही गोळी फेकण्याआधी थोडं काम मागतेच, आणि तिला तर कायद्यानेच हत्यार म्हटलं आहे. न्यायमूर्ती थॉमस आणि अलिटो यांना हे पटलं नाही. थॉमस यांच्या मते सुट्या भागांचा संच म्हणजे हत्यार नव्हे.